टोळ्या निघण्यापूर्वी : मराठवाड्यातील औषध विक्रेत्यांना खुले पत्र

मराठवाड्यातील सर्व औषध विक्रेते बंधू-भगिनींस,

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एकोणीस वर्षांपासून त्वचारोगाचा दवाखाना चालवते. गेल्या वर्षी दसरा होऊन तीन दिवस झाले असतील. समोरच्या मेडिकलवर मी माझ्याच कामासाठी उभी होते, तेवढ्यात एक मुकादम आला. त्याची ऊसतोड मजुरांची टोळी दुसऱ्या दिवशी पहाटे साखर कारखान्याकडे निघणार होती आणि दोरखंड, ताडपत्री, चहापत्ती अशा खरेदीच्या यादीतच त्याने ‘खाजेची ट्यूब, दोन डझन’ असे लिहून आणले होते. औषधाचे नाव त्याला ठाऊक नव्हते, म्हणून शेवटपर्यंत पिळून गुंडाळलेली जुनी ट्यूब त्याने खिशातून काढून काउंटरवर ठेवली. विक्रेत्याने खोके फोडले, चोवीस ट्यूब मोजून पिशवीत भरल्या आणि वर दोन तशाच दिल्या. मी सगळे पाहिले आणि काही बोलले नाही. हे पत्र त्याच दिवशी लिहायला हवे होते. यंदा टोळ्या निघण्यापूर्वी तरी ते तुमच्यापर्यंत पोचावे म्हणून आता लिहीत आहे.

त्या ट्यूबवर चार औषधांची नावे होती : क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडॅझोल आणि टर्बिनाफिन. त्यांपैकी बुरशीवर चालते ते एकटे टर्बिनाफिन. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल ही जिवाणूंवरची व तत्सम जंतूंवरची औषधे असून साध्या गजकर्णात त्यांना काहीच काम नसते. उरले क्लोबेटासोल. ते लावायच्या स्टेरॉइडांमधल्या सर्वांत जहाल गटातले असून ‘एका रात्रीत खाज थांबते’ ही त्या ट्यूबची ख्याती त्याच्याच जिवावर उभी आहे. गजकर्णातली खाज, लाली आणि कडेची बारीक पुरळ ही बुरशीशी झुंजणाऱ्या त्वचेची खूण असते. स्टेरॉइड ती झुंजच थांबवते. रोग्याला वाटते गुण आला. बुरशीला मात्र रान मोकळे मिळते, आणि त्याच ट्यूबमधले टर्बिनाफिन चार दिवस लावून सोडून दिलेले असल्यामुळे तेही तिचे फारसे बिघडवू शकत नाही. मग गजकर्णाचे कडे पसरते, त्याची गोल कड पुसट होते, आणि ज्या खुणेवरून गजकर्ण ओळखायचे तीच नाहीशी झाल्यामुळे पुढचा डॉक्टरही कधी कधी त्याला इसब समजून आणखी स्टेरॉइड लिहितो.

होळीनंतर टोळ्या परततात तेव्हा याचा हिशेब माझ्या टेबलावर येतो. या वर्षी आलेली एक बाई सव्वीस वर्षांची होती. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, नवरा, सासू आणि दोन लेकरे, पाचही जणांना एकाच ट्यूबने लावलेले. तिच्या जांघेतली कातडी पतंगाच्या कागदासारखी पातळ झाली होती आणि तिच्यावर बाळंतपणानंतर पोटावर उठतात तशा, पण बोटभर रुंद, जांभळट रेघा होत्या. त्या रेघा आता जन्मभर राहणार आहेत. त्यांच्यावर माझ्याकडे औषध नाही. कंबरेवरच्या चट्ट्याचा कोंडा बोथट पात्याने खरवडून मी काचपट्टीवर घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, दहा मिनिटे थांबले आणि सूक्ष्मदर्शक तिच्याकडे वळवला. पेशींच्या विरघळलेल्या पसाऱ्यातून फांद्या फुटलेले, गाठीगाठींचे पारदर्शक धागे आडवेतिडवे पसरले होते. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, ‘ताई, हे तर शेवाळावानी हाय. मग ट्यूबीनं मेलं का न्हाई?’

तिचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर तुमच्या काउंटरवरही उपयोगी पडेल म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. तुम्ही फार्मसी शिकलेले आहात, त्यामुळे यातले बरेचसे तुम्हाला नव्याने सांगण्याची गरज नाही. पण ते ज्ञान आणि रोजची विक्री यांच्यात बरेच अंतर पडले आहे.

जिवाणू आपल्यापासून इतका वेगळा आहे की त्याला मारून आपल्या पेशीला धक्का न लावणारी औषधे पुष्कळ सापडली. बुरशीचे तसे नाही. तिची पेशी पुष्कळशी आपल्यासारखीच असते, तिच्यातही केंद्रक असते, आणि म्हणून तिच्यावर नेम धरायला जागा थोड्या. त्यातली मुख्य जागा म्हणजे पेशीचे आवरण. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या आवरणात त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल असते. तुम्ही रोज विकता त्यातली बहुतेक औषधे या एकाच पदार्थाच्या मागे लागलेली आहेत. टर्बिनाफिन एर्गोस्टेरॉल तयार होण्याची अगदी सुरुवातीची पायरी, म्हणजे स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम), बंद पाडते. त्यामुळे एर्गोस्टेरॉल कमी पडते आणि साचलेले स्क्वालीनही बुरशीला घातक ठरते. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही सगळी ‘ॲझोल’ मंडळी त्याच साखळीतली पुढची पायरी अडवतात. ग्रिसिओफुल्व्हिनचा मार्ग निराळा आहे. ते बुरशीच्या पेशीचे विभाजन थांबवते, आणि लहान मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णावर अजूनही त्याचा चांगला उपयोग होतो, फक्त ते दुधाबरोबर किंवा स्निग्ध जेवणाबरोबर घ्यावे लागते.

‘कोनॅझोल’ हे शेपूट आपल्या शेतकऱ्याला दवाखान्याबाहेरही चांगले परिचयाचे आहे. सोयाबीनवर तांबेरा आला की तो कृषी सेवा केंद्रातून हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल आणतो आणि पंपात टाकतो. ते याच कुळातले आहे आणि बुरशीच्या त्याच विकरावर बसते. एकच बुरशीनाशक वरचेवर, कमी मात्रेत फवारले तर ते पुढे लागू पडत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मी रोग्यांना आता हाच दाखला देते आणि तो लगेच पटतो. तुम्हीही देऊन पाहा.

कारण माणसाच्या बाबतीत नेमके तेच घडले आहे. मी दवाखाना सुरू केला तेव्हा टर्बिनाफिनची 250 मिलिग्रॅमची गोळी रोज एक याप्रमाणे दोन आठवडे दिली की अंगावरचे गजकर्ण जात असे. तेवढ्यावर मी ‘बरे झाले’ असे छातीठोकपणे सांगत असे आणि गेल्या काही वर्षांत त्याबद्दल मला अनेकदा मान खाली घालावी लागली. भारतातल्या आणि नेपाळातल्या रोग्यांच्या त्वचेत सापडलेल्या एका हट्टी बुरशीला 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव देण्यात आले. या नावात आपल्या देशाचे नाव गुंफलेले आहे, याचा अभिमान वाटण्याजोगे काही नाही. तिच्या पुष्कळ वाणांमध्ये स्क्वालीन इपॉक्सिडेजच्या जनुकातच बदल झालेला असतो, म्हणजे टर्बिनाफिनला बसायला जागाच उरत नाही. 2023 मध्ये ती न्यूयॉर्कमधल्या रोग्यांतही आढळल्याचे अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने जाहीर केले. स्टेरॉइडमिश्रित ट्यूबचा बेसुमार वापर हे या साथीमागचे एक मोठे कारण असावे, असे आमच्या क्षेत्रातील बहुतेकांचे मत आहे, आणि माझा रोजचा अनुभव त्याला दुजोरा देतो.

हा दोष मी एकट्या दुकानदारावर टाकत नाही. अशा ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही भरपूर लिहिल्या जातात, कंपन्या त्या जोमाने विकतात, आणि चिठ्ठी घेऊन शंभर कोस जायला मजुराला दिवस मोडावा लागतो. सरकारने मार्च 2018 मध्ये त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइडे शेड्यूल एचमध्ये घालून ती चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी घातली आणि त्यात त्वचेची काही मिश्रणेही होती. खोक्यावरची लाल रेघ तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहता. ‘मी नाही दिली तर शेजारचा देतो’ हे मला अनेकांनी सांगितले आहे आणि ते खोटे नाही. म्हणूनच हे पत्र एका दुकानाला न लिहिता सर्वांना लिहिले आहे. तालुक्याच्या विक्रेता संघटनेने एका बैठकीत ठरवले तर शेजारचाही देणार नाही.

गिऱ्हाईक हातचे जाऊ नये हेही मला कळते. त्यासाठी नुसती क्लोट्रिमॅझोलची किंवा ल्युलिकोनॅझोलची ट्यूब पुढच्या काचेत ठेवा आणि देताना दोन वाक्ये जास्त बोला. पहिले असे की खाज आठवडाभर हळूहळू उतरेल, एका रात्रीत नाही. दुसरे असे की औषध कड्याच्या बाहेर बोटभर अंतरापर्यंत लावायचे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावत राहायचे. मापाचाही विचार करा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पिळलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. दोन्ही जांघांना दोन वेळा लावायचे म्हटले तर 15 ग्रॅमची ट्यूब आठवड्याच्या आसपास संपते. एका ट्यूबमध्ये पाच जणांचे कुटुंब बरे होणे शक्य नाही, हे गणित गिऱ्हाइकाला सांगितले तर तुमचीही विक्री घटणार नाही. चट्टे अंगभर असतील, चेहऱ्यावर, डोक्यात किंवा नखात असतील, रोगी लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, किंवा पूर्वी स्टेरॉइडची ट्यूब महिनोन् महिने लावलेली असेल, तर मात्र साध्या ट्यूबचे ते काम नाही. त्यांना डॉक्टरांकडेच पाठवा.

कपडे रोज उकळत्या पाण्यात धुवा, असे पुस्तकात लिहिलेले असते. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या भागात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली, तिथल्या माणसाला हे सांगताना माझी जीभ अडखळते. त्यापेक्षा टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे ठेवा, ओले अंगावर वाळू देऊ नका, आणि उलटे करून कडक उन्हात वाळत घाला, एवढे सांगावे. पाणी नसले तरी उन्हाची आपल्याकडे टंचाई नाही.

आता गोळ्यांविषयी, कारण त्यांची स्ट्रिप मागणारेही आता वाढले आहेत. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल अंगी लागायला जठरातले आम्ल आणि पोटभर जेवण दोन्ही लागते. एका शिक्षकांना मी दीड महिना ती कॅप्सूल दिली आणि काडीचा फरक पडला नाही. अखेर त्यांनी सांगितले की सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी ते गॅसची गोळी आणि ही कॅप्सूल एकाच घोटात घेतात. गॅसची गोळी आम्ल मारते आणि कॅप्सूल तशीच पुढे निघून जाते. कॅप्सूल जेवणाबरोबर सुरू केल्यावर आणि गॅसची गोळी बंद केल्यावर त्यांचे गजकर्ण उतरणीला लागले. माझ्या चिठ्ठीत जेवणाचा उल्लेख होता. गॅसच्या गोळीबद्दल मी विचारले नव्हते आणि ज्या दुकानातून दोन्ही घेतल्या तिथेही कोणी विचारले नाही.

याहून गंभीर चुका होऊ शकतात. ज्याचे हृदय कमजोर आहे, पायावर सूज आणि दम आहे, त्याला इट्राकोनॅझोल देणे धोक्याचे असते. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन चालू असताना ते दिले तर स्नायू झडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडबरोबर फ्लुकोनॅझोल गेले तर साखर अचानक खाली येते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर रक्तस्रावाची भीती असते. उलट क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन चालू असेल तर इट्राकोनॅझोल जवळजवळ निकामी होते. टर्बिनाफिन यकृताच्या रोग्याला चालत नाही, आणि काहींची तोंडाची चव काही आठवडे जाते. केटोकोनॅझोलच्या पोटात घ्यायच्या गोळीने यकृताला होणारी इजा पाहून युरोपात 2013 मध्ये तिची विक्री थांबवण्याचा निर्णय झाला. तुमच्या फडताळात ती कुठे मागे उरली असेल तर बाहेर काढा. एका दुकानातून बीपी, शुगर आणि खाज या तिन्हींची औषधे नेणाऱ्या माणसाची पूर्ण यादी गावात तुमच्याशिवाय कोणाकडेच नसते, माझ्याकडेही नसते.

डोळ्यांबद्दल मी तज्ज्ञ नाही, तरी ऊस आणि ज्वारीच्या भागात राहून हे लिहिले नाही तर पत्र अपुरे राहील. उसाचे पान किंवा ज्वारीचे ताट डोळ्याला लागले की बुबुळावर बारीक ओरखडा पडतो आणि त्यातून मातीतली, पिकावरची बुरशी आत शिरते. त्यावर नाटामायसिनचे थेंब आठवडेच्या आठवडे घालावे लागतात. अशा डोळ्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असलेले थेंब गेले तर लाली एका दिवसात कमी होते, आणि आत बुरशी खोल उतरते. शेतात काही लागून लाल झालेला डोळा घेऊन कोणी आले तर कुठलीच बाटली हातात न देता त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवा.

इस्पितळात शिरेतून द्यायच्या औषधांचा, म्हणजे कॅस्पोफंजिन, व्होरिकोनॅझोल वगैरेंचा, तुमच्याशी रोजचा संबंध नाही. पण अँफोटेरिसिन हे नाव तुमच्यापैकी कोणीही विसरले नसेल. 2021 च्या मे महिन्यात काळ्या बुरशीने वेढलेल्या रोग्यांचे नातेवाईक तेव्हाच्या औरंगाबादेत, लातुरात, नांदेडात चिठ्ठी हातात घेऊन दुकानामागून दुकाने पालथी घालत होते. ते औषध बुरशीच्या एर्गोस्टेरॉललाच जाऊन चिकटते आणि आवरणाला भोके पाडते. आपल्या मूत्रपिंडालाही ते सोडत नाही, म्हणून चरबीच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळलेले महाग रूप लागते. फ्लुकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल त्या बुरशीवर चालत नाही, म्हणून पर्याय थोडे होते. 12 जून 2021 रोजी जीएसटी परिषदेने अँफोटेरिसिनवरचा कर शून्य केला, तोवर अनेकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले होते. त्या संकटामागे अनियंत्रित साखर होती आणि गरजेपेक्षा जास्त दिलेले स्टेरॉइड होते. (जाता जाता, अँफोटेरिसिनच्याच कुळातले हॅमायसिन हे औषध 1960 च्या सुमारास आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधले गेले होते, आज त्याचे नाव फार्मसीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येत नाही.)

गजकर्णाने कोणी मरत नाही, त्यामुळे त्याची बातमी होत नाही. पण रात्रभर खाजवणारा माणूस पहाटे तीनला उठून उसाच्या फडात कोयता चालवतो, बाई लाजेने कोणाला दाखवत नाही, आणि लेकराच्या अंगावर दिसले की शाळेत त्याच्या शेजारी कोणी बसत नाही. ही माणसे उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीच्या, पैशातून ट्यूब विकत घेतात.

माझे मागणे एवढेच आहे की यंदा दसरा ते दिवाळीच्या दरम्यान टोळ्यांची खरेदी होईल तेव्हा स्टेरॉइडमिश्रित ट्यूब डझनाने देऊ नयेत, आणि तसा ठराव प्रत्येक तालुक्याच्या संघटनेने त्याआधी करावा. माझ्या समोरच्या मेडिकलवाल्यांशी मी मागच्या आठवड्यात बोलले. त्यांनी वरच्या फळीवरची खोकी कंपनीला परत करण्यासाठी बांधून ठेवली आहेत आणि मुकादम आला की त्याला रस्ता ओलांडून माझ्याकडे पाठवायचे कबूल केले आहे. दसऱ्यानंतरचे आठ दिवस माझा दवाखाना सकाळी सहाला उघडेल, ऊसतोड कामगारांकडून तपासणीचे आणि काचपट्टीच्या चाचणीचे पैसे घेतले जाणार नाहीत, आणि ज्याला जे लागेल त्याची चिठ्ठी सहा महिने जवळ ठेवता येईल अशा जाड कागदावर मिळेल. आपापल्या गावच्या डॉक्टरांना तुम्ही हेच विचारलेत तर त्यातले बरेच जण हो म्हणतील.

आपली,
बीड जिल्ह्यातील एक त्वचारोग डॉक्टर